चार नंबरच्या टाकीतले बेडूक

मासळी साफ करावी ती चंद्रानेच, असं डहाणूजवळच्या वरोर गावात तिच्या माघारीही बोललं जायचं. पोटात सुरीचं टोक घातलं की आतडं, काळीज, पित्त सगळं एका ओढीत तिच्या बोटांत यायचं आणि पित्ताची पिशवी कधी म्हणून फुटायची नाही. पित्त फुटलं की मासा कडू होतो आणि गिऱ्हाईक पुन्हा त्या ओट्याकडे फिरकत नाही. सासूने तिला हे लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. त्या हातामुळेच तिला पुढे बेडकांचं काम मिळालं.

२०१७ सालच्या एप्रिलमध्ये निधी नावाची मुलगी सुका जवळा घ्यायला वरोरला आली. वय पंचविशीचं, खांद्याला सॅक, उन्हाने चेहरा लालबुंद. जवळा घेऊन झाला तरी ती जाईना. चंद्राच्या समोर उकिडवी बसून तिचे हात बघत राहिली आणि शेवटी तिने विचारलं, "काकी, तुम्हाला बेडूक कापता येईल का?"

चंद्राला हसू आलं. मग निधीने नीट सगळं सांगितलं. ती मुंबईच्या एका कॉलेजात संशोधन करत होती. भातात फवारण्या वाढल्यापासून शेतातले बेडूक कमी होत चालले होते. म्हणून रीतसर परवानगी काढून तिने आदल्या पावसाळ्यात शेतांतून बेडकांची अंडी उचलून आणली होती. तलासरीच्या वाटेवर देवेशभाईंची चिकूची वाडी होती. तिथल्या रिकाम्या पोल्ट्री शेडमध्ये सिमेंटच्या चार टाक्या बांधून ती बेडूक वाढवत होती. धडधाकट झाले की ते पुन्हा शेतांत सोडायचे, असा बेत होता. पण एवढ्यात ते आजारी पडायला लागले होते. मेलेल्या बेडकाचं लिव्हर, म्हणजे काळीज, तपासायला अख्खं बाहेर काढावं लागतं, आणि तिच्या हातून दर वेळी पित्त फुटून नमुना खराब व्हायचा.

चंद्राला घराबाहेरचं काम हवंच होतं. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा बोटीवर असायचा, सून घर सांभाळायची, आणि दुपारी घरात रिकामं चंद्राला बसवत नसे. तिने हो म्हटलं.

तेव्हापासून ती सकाळी टमटमने डहाणू रोडला यायची आणि तिथून तलासरीची एस.टी. धरायची. शेडमध्ये पोचली की आधी टाक्यांचं पाणी बदलायची, मग खाणं करायला बसायची. माशाची भुकटी, सोयाबीनची पेंड आणि थोडं तेल एकत्र मळून ती शेवेच्या सोऱ्यातून पाडायची, उन्हात वाळवायची आणि बोटाच्या पेराएवढे तुकडे मोडायची. बेडूक हलणारंच खातो. ताटलीत ठेवलेला तुकडा त्याच्या लेखी खडाच. म्हणून ती तुकडे नळाच्या धारेखाली टाकायची. पाण्याबरोबर ते डुलायला लागले की एकेक बेडूक झेप घालायचा. पंधरा दिवसांत ते तिच्या पावलांच्या आवाजाने कडेला जमायला लागले. सुरुवातीला तिला त्यांची शिसारी यायची. मेच्या अखेरीला त्यांतले कितीतरी ती पाठीवरच्या रेघांवरून ओळखत होती.

आजार मात्र वाढत होता. बेडकाचं पोट फुगायचं, मागचे पाय लुळे लोंबायचे, धारेखाली खाणं नाचत असलं तरी तो बघत राहायचा आणि चार-सहा दिवसांत मरायचा. चंद्राने पहिला बेडूक उघडला तेव्हा पित्त शाबूत राहिलं आणि निधीने सुटकेचा निःश्वास टाकला. पण आतलं काळीज बघून दोघी पुढे वाकल्या. तपकिरी, टणक असायला हवं ते हळदीत भिजवल्यासारखं पिवळं पडलं होतं आणि बोट लागताच दबत होतं.

"चरबी चढलीय," निधी म्हणाली. खाण्यातल्या तेलाने, बहुतेक तेल जुनं झाल्यामुळे, असा तिचा कयास होता. खात्री मात्र नव्हती.

चंद्राने सहज सांगितलं की आमच्याकडे कावीळ झाली, काळीज बिघडलं की भुईआवळी देतात. निधीने त्यावर काही दिवस वाचन केलं, तिच्या सरांशी बोलली आणि एक दिवस हसत हसत आली. सर तयार झाले होते. भुईआवळीची पूड आणि दोन-तीन जीवनसत्त्वं खाण्यात मिसळून द्यायची आणि तीन महिने बघायचं. कल्पना काकींची आहे, असं आपण लिहिणार आहोत, असंही तिने सांगितलं. चंद्रा घरी येऊन सुनेला म्हणाली की माझं नाव पुस्तकात येणार आहे.

ऑगस्टच्या पहिल्या तारखेला सुरुवात झाली. प्रत्येक टाकीत साठ बेडूक मोजून सोडले. तेल चारही टाक्यांसाठी ताजं आणलं. एक आणि दोन नंबरच्या टाकीला औषधाचं खाणं, तीन आणि चारला नुसतं. औषधाची बरणी निधी दर वेळी काट्यावर तोलून ठेवायची. दर वीस-बावीस दिवसांनी प्रत्येक टाकीतले चार बेडूक गुंगीच्या पाण्यात सोडायचे, ते निपचित झाले की उघडायचे आणि काळीज बघायचं. चंद्राला हे चार निवडणं फार जड जायचं. निधी म्हणायची, निवडायचं नाही, जाळीत येतील ते घ्यायचे. पण जाळी तर चंद्राच्याच हातात असायची.

पहिली तपासणी झाली तेव्हा औषधाच्या टाक्यांत थोडा फरक दिसत होता. तीन आणि चारमध्ये मात्र मरणं सुरूच होती. तीनमधले पाच गेले, चारमधले नऊ. चार नंबरच्या टाकीत एक मोठी मादी कडेच्या विटेवर बसायची. तिचंही पोट फुगायला लागलं होतं.

चंद्राने विचारलं, "यांना कधी द्यायचं?"

"यांना द्यायचं नाही, काकी."

"म्हणजे कधीच?"

निधीने हातातलं काम ठेवलं आणि तिला शांतपणे समजावलं. सगळ्यांना दिलं आणि सगळे बरे झाले, तर ते औषधाने झाले की थंड हवेने, की ताज्या तेलाने, हे कसं कळणार? न दिलेले शेजारी असले तरच कळेल. आणि ते एकदा सिद्ध झालं की हा आजार संसर्गाचा नाही, खाण्याचा आहे आणि बरा होतो, असं लिहून देता येईल. मगच उरलेले सगळे शेतात सोडायला मिळतील. नाहीतर आजारी बेडूक बाहेर सोडायला कोण परवानगी देईल?

चंद्राला ते कळलं. ती अडाणी नव्हती, सातवीपर्यंत शिकली होती, आणि निधीने सांगितलंही सोपं करून. परतीच्या एस.टी.त तिने ते मनाशी पुन्हा एकदा घोकलं आणि तिला ते बरोबर वाटलं.

पण घरी पोचेपर्यंत तिला काशीनाथ आठवायला लागला होता. काशीनाथ, तिचा नवरा, लिव्हरनेच गेला. दारूने म्हणा, नशिबाने म्हणा. शेवटी शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की आता औषधाचा उपयोग नाही, उगाच हाल करू नका. दीर तेच म्हणाला, मुलगाही तेच म्हणाला. ती रोज सकाळी भुईआवळीचा रस काढून पाजायची. त्याने त्याला उलटी व्हायची, म्हणून तोही सगळ्यांनी मिळून बंद केला. दोन दिवसांनी काशीनाथने तिच्या रिकाम्या हातांकडे बघून विचारलं होतं, "आज औषध नाय?" ती म्हणाली, उद्या देते. त्यानंतर तो अकरा दिवस होता. त्याने पुन्हा विचारलं नाही.

गणपतीच्या आदल्या दिवशी ती शेडवर लवकर आली. निधी आठवड्यातून तीनच दिवस यायची, आणि तो तिचा दिवस नव्हता. वाडीच्या बांधावर भुईआवळी गुडघ्यापर्यंत माजली होती. चंद्राने ओचाभर उपटली, मुळं धुतली आणि पत्र्यावर पसरून वाळत टाकली. तीन दिवसांनी ती चुरगाळून तीन आणि चारच्या खाण्यात मळली. बरणीला तिने हात लावला नाही. वजन चुकलं असतं तर निधीला लगेच कळलं असतं. माशाच्या भुकटीच्या काळपट रंगात त्या पुडीचा हिरवा रंग कुठल्या कुठे गेला.

आपण चुकीचं करतोय हे तिला ठाऊक होतं. थोडेच दिवस देऊ, जे फार आजारी आहेत ते तरतील आणि मग बंद करू, अशी ती स्वतःची समजूत घालत राहिली. पण बंद करायचं म्हटलं की पुन्हा तेच. आज नाही, उद्या. आणि एकदा खायला लागलेल्या जिवाचं खाणं काढून घेणं तिच्याने होईना.

सप्टेंबरच्या मध्यावर दुसरी तपासणी झाली. चारही टाक्यांतली काळजं जवळपास सारखीच निघाली. एक आणि दोन सुधारले होते, पण तीन आणि चारही सुधारले होते. विटेवरच्या मादीचं पोट उतरलं होतं, ती धारेखाली पहिली झेप घ्यायची.

निधीने आधी टाक्यांवरचे नंबर तपासले. मग बरणी तोलली, पाणी तपासायला पाठवलं. खाण्याचे तुकडे मात्र तिने बघितले नाहीत, कारण ते काकी करत होत्या. तिला वाटलं, आपणच कुठेतरी चुकतोय. पुढच्या महिन्याभरात ती वाळून गेली. डबा आणायची तो तसाच परत न्यायची. एकदा टाकीच्या कठड्यावर बसून ती म्हणाली की तीन वर्षं फुकट जाणार बहुतेक, घरचे लग्नासाठी मागे लागलेत आणि आता त्यांना सांगायलाही काही उरलेलं नाही. चंद्रा खाली बसून सोऱ्या धूत होती. त्या वेळी बोलून टाकावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण निधीने डोळे पुसले, उठली आणि वहीत काहीतरी लिहायला लागली. ती वेळ गेली.

तिसरी आणि चौथी तपासणीही तशीच झाली. नोव्हेंबरात सर आले. साठीला टेकलेले, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी सगळे कागद बघितले, चारही टाक्यांवरून फिरले आणि निधीला समजुतीच्या स्वरात म्हणाले की बेडूक बरे झाले ही चांगली गोष्ट आहे, पण औषधाने झाले असं म्हणता येत नाही. हवा बदलली म्हणून असेल, तेल बदललं म्हणून असेल. आजार काय होता हेच सिद्ध होत नाही, तेव्हा यांना बाहेर सोडता येणार नाही. परवानगी डिसेंबरअखेर संपते. त्याआधी सगळं आवरावं लागेल.

आवरणं म्हणजे काय, हे चंद्राला विचारावं लागलं नाही.

सरांची गाडी फाटकाबाहेर पडली. निधी शेडमध्ये परत आली तेव्हा चंद्रा चार नंबरच्या टाकीपाशी उभी होती.

"निधी, तीन नि चारला मी औषध देत होते."

निधीला आधी अर्थबोधच झाला नाही. "कुठलं औषध?"

"भुईआवळी. बांधावरची. वाळवून खाण्यात घालत होते. गणपतीत सुरू केलं, ते आजपर्यंत."

"किती?" निधीचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"मूठभर. कधी दीड मूठ. सुस्त दिसले तर जास्त."

निधी कठड्यावर बसली. बेडूक नेहमीसारखे चंद्राच्या बाजूला कडेला जमले होते.

"मला विचारायचं तरी, काकी."

"तू नाय म्हणाली असतीस."

"हो," निधी म्हणाली. "नाही म्हणाले असते."

ती ओरडली असती, हाकलून दिलं असतं, तर चंद्राला बरं वाटलं असतं. निधीने तसं काही केलं नाही. तिने बाहेर जाऊन सरांना फोन लावला. चंद्राला पत्र्याच्या भिंतीपलीकडून एका बाजूचंच बोलणं ऐकू येत होतं. देखरेख माझी होती, मी तपासायला हवं होतं, असं निधी दोनदा म्हणाली. काकींचं नाव तिने घेतलंच नाही.

परत आल्यावर तिने सांगितलं ते एवढंच. किती दिलं त्याचं मोजमाप नाही, कुणाला किती पोचलं ते माहीत नाही, म्हणून सगळी चाचणी बाद. पुन्हा करायची तर नवे बेडूक, नवी परवानगी, सगळं पहिल्यापासून, आणि त्याला आता कॉलेज तयार नाही.

"मग यांना सोडता नाय येणार? बरे झालेत तरी?"

"बरे झालेत हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. कागदावर नाही. तीन आणि चार आजारी राहिले असते ना काकी, तर एक आणि दोन सुटले असते."

एवढं बोलल्यावर मात्र निधी रडली. चंद्रा तिच्या शेजारी जाऊन बसली, पण तिला हात लावायचा धीर झाला नाही.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ते काम झालं. देवेशभाईंनी माणूस देतो म्हटलं होतं, पण चंद्रा म्हणाली की माझ्या हाताने होऊ दे, माझ्या हाताला ते घाबरत नाहीत. घमेल्यात गुंगीचं पाणी केलं, नेहमीपेक्षा कितीतरी कडक. एकशे साठच्या वर बेडूक उरले होते. ती एकेकाला दोन्ही हातांत उचलायची आणि पाण्यात सोडायची. तो एकदोनदा पाय मारायचा आणि मग संथ व्हायचा. सकाळी सुरू केलं ते दुपार कलली तरी चाललं होतं. मधे निधी म्हणाली, थोडं थांबू या. चंद्रा थांबली नाही. थांबले तर पुन्हा हात उचलणार नाही, असं तिला वाटत होतं. विटेवरची मादी कितवी होती ते तिने मोजलं नाही, पण चंद्राच्या अंगठ्याला धरून ती क्षणभर बसली होती, तेवढं चंद्राला कळलं.

शेवटी निधीने चारही टाक्यांतले काही उघडायला सांगितले. गरज नव्हती, कुठल्या कागदावर ते जाणार नव्हतं. चंद्राने उघडले. एकाचंही पित्त फुटलं नाही. काळजं एकजात तपकिरी, टणक, मासळीच्या ताज्या काळजासारखी चमकत होती.

निधी वाकून बघत राहिली. "औषध चालतं, काकी," ती म्हणाली. "पण हे मला कुणाला सांगता येणार नाही."

वाडीच्या टोकाला खड्डा खणला होता. चुना पसरून त्यांनी सगळे त्यात ठेवले आणि माती ओढली. देवेशभाई डोक्यावरची टोपी काढून थोडा वेळ उभे राहिले आणि निघून गेले.

चंद्राने आता डहाणू रोडच्या बाजारात मासळीची टोपली लावली. सून विचारायची की पुस्तक कधी येणार, मग तिनेही विचारणं सोडलं. मुलाला चंद्राने खरं सांगितलं होतं. तो म्हणाला, आई, बेडकांचं काय एवढं मनाला लावून घेतेस. बेडकांचं तर होतंच. पण कठड्यावर बसलेली ती पोर डोळ्यांसमोरून हलत नव्हती. दोन महिने ती आपल्यासमोर वाळत गेली आणि आपण सोऱ्या धूत बसलो, हे चंद्राला जास्त लागलं होतं.

२०१९ च्या जानेवारीत निधी बाजारात आली. गळ्यात मंगळसूत्र होतं, अंग भरलं होतं. संशोधन तिने सोडलं होतं आणि वापीच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होती. नवरा तिथेच कारखान्यात होता. चंद्राने टोपली शेजारणीकडे सोपवली आणि दोघी बाजाराबाहेर चहाच्या टपरीपाशी बाकावर बसल्या. सासरबद्दल बोलल्या, चंद्राच्या नातवाबद्दल बोलल्या, यंदा बोंबील कसा कमी आलाय त्याबद्दलही बोलल्या. चहा संपल्यावर निधीने ग्लास खाली ठेवला.

"एक विचारू? राग नाही आता, खरंच नाही. पण परत तीच वेळ आली तर?"

चंद्राने हे स्वतःला इतक्या वेळा विचारलं होतं की उत्तर तयार असायला हवं होतं.

"तुझ्याकडे बघितलं की वाटतं, नाय देणार," ती म्हणाली. "पण टाकीसमोर उभी राहिले तर माझं मलाच सांगता येत नाय गो."

निधीने मान हलवली. थोडा वेळ तिने चंद्राच्या मनगटावर हात ठेवला. मग गाडीची वेळ झाली म्हणून ती उठली. सुट्टीत घरी येईन, नातवाला बघेन म्हणाली.

चंद्राने त्या उन्हाळ्यात दोनदा तिच्यासाठी चांगला सुका बोंबील बाजूला काढून ठेवला. पावसाळा तोंडावर आला तरी ती आली नाही, तेव्हा सुनेने तो कालवणात घातला.